भावाचं कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ होतं, मग अटॅक आला कसा?

*डॉक्टर, नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली, वय ४५, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला पहाटे हार्ट अटॅक आला. तो ४२ वर्षांचा. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला, आता घरी आहे. अंगानं बारीक, दारू-सिगारेट नाही, तंबाखू मात्र मळायचा. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी काढलेल्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं. आमचे अण्णाही ५१व्या वर्षी असेच रात्रीतून गेले. गॅस झालाय म्हणून आम्ही ओवा आणि सोडा देत बसलो होतो.*

*या धास्तीनं मी पॅकेजवाली तपासणी केली. टोटल कोलेस्टेरॉल १८२, ट्रायग्लिसराइड्स २१०, एचडीएल ३६, एलडीएल १०४. शिवाय एपो-बी ११८, लायपोप्रोटीन ए ८६ (बाजूला ‘३० पेक्षा कमी’ असं छापलंय) आणि एचएस-सीआरपी ६.८. त्या आठवड्यात मी सर्दी-तापातून नुकती उठले होते. मिस्टर म्हणतात, टोटल दोनशेच्या आत आहे, बाकी सगळा लॅबवाल्यांचा धंदा. सासूबाई म्हणतात, तूप-अंडं बंद कर, उपाशीपोटी लसूण खा. मला रात्री झोप लागत नाही. मलाही ब्लॉकेज असेल का? एकदा अँजिओग्राफी करून टाकू का? मुलगा १९ वर्षांचा, मुलगी १५ची. त्यांचं काय?*

*– एक बहीण*

प्रिय ताई,

पत्र वाचून मी आधी एक वजाबाकी केली, ती तुम्हीही करा. टोटलच्या १८२ मधून एचडीएलचे, म्हणजे ज्याला ‘चांगलं’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलचे, ३६ काढा, उरतात १४६. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून बसू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल यात एकत्र येतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं जुलै २०२४ मध्ये आपल्या लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार धोका कमी असलेल्या माणसाचंही नॉन-एचडीएल १३०च्या आत हवं आणि एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १०० च्या आत. मिस्टरांना हा कागद दाखवा. या वजाबाकीला लॅबचा एक रुपया लागत नाही, तेव्हा यात कुणाचा धंदा नाही. ‘दोनशेच्या आत’ हे समाधान तुमच्या बाबतीत खोटं आहे, कारण एचडीएल कमी असल्यामुळेच टोटल छोटी दिसते आहे.

आता दुसरं गणित. ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी, तिचे २१० भागिले ५, म्हणजे ४२. १८२ मधून ३६ आणि ४२ वजा केले की येतात बरोबर १०४. म्हणजे लॅबनं तुमचं एलडीएल मोजलेलं नाही, सूत्रानं काढलेलं आहे. १९७२ पासूनचं हे सूत्र जगभर चालतं आणि बहुतेकांसाठी पुरेसं असतं. पण ट्रायग्लिसराइड्स वाढलेली असली की त्याचा नेम चुकायला लागतो आणि चारशेच्या वर गेली की ते वापरायचंच नसतं. तुमच्या ‘१०४’ कडे एवढं ध्यानात ठेवून बघा.

पण खरी गोष्ट एपो-बीच्या आकड्यात आहे आणि माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधली ही सगळ्यात मोलाची ओळ आहे. तुमच्या भागात गाळप हंगाम लागला की कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. काट्यावर मोजतात ते टनेज. आता कल्पना करा, दोन दिवस टनेज अगदी सारखंच आलं, पण एका दिवशी ट्रॉल्या गच्च भरलेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्यामुर्ध्या. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ट्रॉल्या किती तरी जास्त असणार आणि वळणावर बाजूच्या शेतात घुसणाऱ्याही जास्त. एलडीएल कोलेस्टेरॉल म्हणजे टनेज. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते असं कणांत भरून न्यावं लागतं. अशा प्रत्येक घातक कणावर एपो-बी नावाच्या प्रोटीनचा एकच रेणू असतो, ट्रॉलीला एकच नंबर प्लेट असावी तसा. नंबर प्लेटा मोजल्या की ट्रॉल्या किती ते कळतं.

ट्रायग्लिसराइड्स जास्त असली की नेमकं हेच होतं. कणांमध्ये आपसात देवघेव चालते, एलडीएलच्या कणातलं कोलेस्टेरॉल बाहेर जातं, त्या जागी ट्रायग्लिसराइड येतं आणि मग कण झिजून लहान व घट्ट होतो. एका कणात माल कमी, म्हणून तेवढ्याच मालाला कण जास्त. एलडीएल बेताचं, ट्रायग्लिसराइड्स वर, एचडीएल खाली आणि पोटाचा घेर वाढलेला, ही आपल्याकडची घरोघरची तऱ्हा आहे. वजनकाट्यावर बारीक दिसणारी माणसंही यात सापडतात. तुमचं एलडीएल १०४ असलं तरी एपो-बी ११८ आहे. हृदयाचा धोका जास्त असलेल्यांसाठी एपो-बी ८० च्या आत ठेवावं, असं युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या सूचना सांगतात. म्हणजे टनेज साधारण दिसतंय आणि रस्ता ट्रॉल्यांनी भरलाय.

हे प्रोटीन काल-परवा निघालेलं फॅड नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून सलीम युसूफ यांनी चालवलेला इंटरहार्ट हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५२ देशांतले पहिल्यांदाच अटॅक आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि जवळपास तितकेच निरोगी लोक त्यात होते, भारतातलेही होते. एपो-बी आणि एचडीएलवरचं प्रोटीन एपो-ए-वन यांचं बिघडलेलं प्रमाण आणि धूम्रपान, हे दोन सगळ्यात जबर धोके त्यात दिसले. याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी आलेला आढळला, बाकीच्यांना ५९च्या आसपास. अण्णा आणि तुमचा भाऊ तर त्याच्याही आधी.

आता भावाच्या ‘नॉर्मल’चं. अटॅक आल्यावर चोवीस तासांनंतर रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली जायला लागतं आणि पुढे काही आठवडे ते खरं चित्र दाखवत नाही. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट म्हणूनच फसवा. दुसरं म्हणजे, अमेरिकेतल्या रुग्णालयांत हृदयधमन्यांच्या आजारानं दाखल झालेल्या १ लाख ३६ हजारांहून जास्त नोंदी तपासल्या गेल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांचं एलडीएल १०० च्या आत निघालं. त्यातले काही आधीपासून गोळ्या घेत होते हे खरं, तरी एकट्या एलडीएलवर विसंबून ‘तुम्हाला काही होत नाही’ असं कुणाला सांगता येत नाही, हे त्यातून दिसतं. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट म्हणून कित्येक वर्षं अशा रिपोर्टांवर सही केली आहे. कौटुंबिक इतिहास न विचारता दिलेल्या त्या ‘नॉर्मल’ शेऱ्यांचं मला आज मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या घराण्याचा धागा ज्या आकड्यात लपलेला असण्याची दाट शक्यता आहे तो म्हणजे लायपोप्रोटीन ए. आधी एक सावधगिरी. ही तपासणी दोन वेगळ्या मापांत छापली जाते, मिलिग्रॅममध्ये आणि नॅनोमोलमध्ये. नॅनोमोलमध्ये ८६ म्हणजे मधली पातळी, मिलिग्रॅममध्ये ८६ म्हणजे चांगलीच वर. तुम्ही माप लिहिलेलं नाही, पण बाजूला ‘३० पेक्षा कमी’ छापलंय म्हणता, त्यावरून ते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावं. रिपोर्ट काढून खात्री करून घ्या. मिलिग्रॅममध्ये ५० च्या वर, नॅनोमोलमध्ये १२५ च्या वर असेल तर धोका धरतात.

नॉर्वेचे कोरे बर्ग यांना १९६३ मध्ये हा कण सापडला. तो एलडीएलसारखाच असतो, पण त्याच्या एपो-बीला आणखी एक लांबलचक प्रोटीन चिकटलेलं असतं. त्या प्रोटीनमध्ये कडबोळ्यासारख्या वळशांची माळ असते. कुणाच्या माळेत कडबोळी कमी, कुणाच्या जास्त, हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. माळ जितकी आखूड, तितके असे कण यकृतातून जास्त बाहेर पडतात. म्हणून ही पातळी जवळपास सगळी जन्मजात असते. लहानपणी पाचेक वर्षांपर्यंत ती ठरते आणि मग आयुष्यभर फारशी हलत नाही, बायकांमध्ये पाळी गेल्यावर थोडी वाढते इतकंच. दर चार भारतीयांमागे साधारण एकाची पातळी ५० च्या वर असते. तूप सोडून, लसूण खाऊन, रोज दहा हजार पावलं चालून ती उतरत नाही. ताई, हे मी तुम्हाला निराश करायला सांगत नाही. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून ती वाढलेली नाही, तुमच्या भावाचीही त्यात चूक नाही, हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून सांगते.

मग मोजून उपयोग काय? हा एक दोर आपल्या हातात नसेल तर बाकीचे सगळे दोर घट्ट धरायचे, एवढा उपयोग आहे आणि तो थोडा नाही. जिच्या रक्तात हे वारशानं आलंय तिचं एलडीएल, रक्तदाब आणि साखर इतरांपेक्षा खाली ठेवायची. खास लायपोप्रोटीन ए उतरवणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्या काही वर्षं चालू आहेत. तोवर थांबून राहायची गरज नाही. आणि ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते. पॅकेजमध्ये दरवर्षी तीच घातली जात असेल तर स्पष्ट नाही म्हणा. तिथे मिस्टरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. अशा पॅकेजांत बऱ्याचदा होमोसिस्टीनही असतं. ते व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी उतरवलं तरी हार्ट अटॅक कमी होत नाहीत हे २००६ मध्येच मोठ्या चाचण्यांत दिसलं, तेव्हा त्यावरही पैसे घालू नका.

सीआरपीचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. शरीरात कुठेही सूज किंवा संसर्ग असला की यकृत हे प्रोटीन तयार करतं. सर्दी-तापाच्या आठवड्यातला ६.८ तुमच्या हृदयाबद्दल काही सांगत नाही. तीनेक आठवडे ठणठणीत गेल्यावर परत करा. तेव्हाही २ च्या वर राहिला तर कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू करण्याच्या बाजूनं आणखी एक मुद्दा मिळेल. सीआरपी हा धूर आहे, आग दुसरीकडे असते, म्हणून नुसतं सीआरपी उतरवायच्या मागे लागू नका.

एचडीएलचंही तेच. त्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून आपण फार डोक्यावर घेतलं. ते औषधानं वाढवून अटॅक टळतील असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. २००६ मध्ये तर एका मोठ्या औषधाची चाचणी जास्त मृत्यू दिसल्यामुळे थांबवावी लागली. तुमचा ३६ हा आकडा बिघाडाची खूण म्हणून वाचा. चालणं वाढलं, पोट उतरलं, साखर-मैदा कमी झाला की तो थोडा वर येईल. नाही आला तर त्याच्यासाठी वेगळी बाटली विकत आणू नका.

‘मलाही ब्लॉकेज असेल का’ याचं उत्तर या रिपोर्टमध्ये नाही. हे आकडे भिंतीत काय साचू शकतं ते सांगतात, काय साचलंय ते सांगत नाहीत. छातीत दुखत नाही, जिना चढताना किंवा शाळेत चालत जाताना दम लागत नाही, तर धावत जाऊन अँजिओग्राफी करू नका. ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. ती बरीचशी अरुंद झालेली नळी दाखवते आणि अटॅक मात्र पुष्कळदा नळीच्या भिंतीत साचलेला लहान, मऊ थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसल्यानं येतो. गोळी घ्यावी की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं अडलं, तर सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्यांमधलं कॅल्शियम मोजता येतं. त्यानं निर्णय सोपा होतो. पण तुमच्या वयात शून्य आलं तरी मऊ थर त्यात दिसत नाही, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

माझं मत विचाराल तर तुमच्या डॉक्टरांशी स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल, बोलायची वेळ आली आहे. वडील ५१व्या वर्षी गेले, भाऊ ४२व्या वर्षी आजारी पडला, लायपोप्रोटीन ए ८६, एपो-बी ११८. घरातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हा आजार झाला तर तो वारसा आम्ही गंभीर मानतो, तुमच्याकडे तर दोघं आहेत. धोका जास्त असलेल्यांसाठी आपल्या सोसायटीनं एलडीएल ७० च्या आत आणि नॉन-एचडीएल १०० च्या आत सांगितलंय. एलडीएल ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की पुढच्या काही वर्षांत अटॅक आणि पॅरालिसिससारख्या घटना साधारण एक पंचमांशानं कमी होतात, हे लाखाहून जास्त लोकांच्या चाचण्यांतून आलेलं आहे. ‘एकदा सुरू केली की सुटत नाही’ असं लोक म्हणतात, ते या गोळीचं व्यसन लागतं म्हणून नाही. आपलं यकृत कण तयार करणं सोडत नाही, म्हणून गोळीही चालू राहते. कुणाकुणाचे स्नायू दुखतात, तर सांगायचं, मात्रा किंवा गोळी बदलता येते. साखर काठावर असली तर ती किंचित वाढू शकते, म्हणून एचबीए-वन-सी ही साखरेची तपासणी आधी करून घ्या. सोबत टीएसएच ही थायरॉइडची तपासणीही करा, कारण थायरॉइड मंदावला की एलडीएल वाढतं आणि चाळिशीतल्या बायकांत ते सर्रास चुकून राहतं. स्टॅटिननं लायपोप्रोटीन ए उतरत नाही. ती ट्रॉल्यांची एकूण रांग कमी करायला आहे. मूल होण्याची शक्यता किंवा विचार असेल तर मात्र गोळीआधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

सासूबाईंचं तुपाबद्दलचं म्हणणं टाकून देऊ नका. तूप, साय, लोणी, खोबरं यांतल्या स्निग्धांनी एलडीएल वाढतं. घासापुरतं तूप राहू दे, वरणावर धार नको. अंड्यावर मात्र तेवढा राग नको. तुमच्या रिपोर्टमधली ट्रायग्लिसराइड्स मला तुपापेक्षा चहातल्या साखरेकडे, बिस्किटं-टोस्टकडे आणि ताटातल्या भाताकडे बोट दाखवतात. शाळेतल्या चहाच्या कपांची एक दिवस नोंद ठेवा. मटकी, हरभरा, हुलगा ही कडधान्यं दोन्ही वेळच्या जेवणात आणा. लसणाची फोडणी खुशाल घाला, त्यानं भाजी छान होते, गोळीचं काम होत नाही. आणि एक प्रश्न विचारते, रागावू नका. तुम्ही किंवा घरातलं कुणी मिश्री लावता का? मिश्री हा तंबाखूच आहे. भावाच्या हातातली तंबाखूची चिमूट ‘सिगारेट तर नाही ना’ म्हणून माफ होत नाही. इंटरहार्टमध्ये खाण्याच्या तंबाखूचाही धोका दिसला होता. तुम्ही थोरली बहीण आहात, ती त्याच्या हातून सोडवणं तुम्हालाच जमेल.

भावाची लायपोप्रोटीन एची तपासणी झालेली नसेल तर करायला लावा. त्याचं एलडीएल आता ५५ च्या आत हवं आणि दवाखान्यातला तो ‘नॉर्मल’ रिपोर्ट बघून गोळ्या बंद करायच्या नाहीत. हे तोंडानं सांगून भागणार नाही, लिहून त्याच्या औषधांच्या डब्यावर चिकटवा. भावाला मुलं असतील तर त्यांचीही एकदा तपासणी व्हावी.

तुमच्या मुलांना तुमच्याकडून हे जनुक येण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. दोघांचं एकदा लायपोप्रोटीन ए आणि साधं लिपिड प्रोफाइल करा. उपाशी राहायची गरज नाही, कॉलेज-शाळेतून येताना रक्त दिलं तरी चालतं. मुलीचा आकडा वर आला तर तिला आजारी ठरवू नका, तिचं खेळणं-पळणं अजिबात थांबवू नका. अशा मुलांनी तर मैदानावर असायलाच हवं. मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला मामाची आणि आजोबांची गोष्ट सरळ सांगा. त्या वयात मित्रांमध्ये पहिली सिगारेट पुढे केली जाते तेव्हा ती गोष्ट आठवली तर बरं.

अण्णांबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, पण ती ओळ तुम्हाला झोपू देत नसावी. ताई, त्या रात्री तुमच्या घरात जे घडलं ते महाराष्ट्रातल्या हजारो घरांत घडतं. गॅस आणि अटॅक यांतला फरक घरात बसून करता येत नाही, डॉक्टरलाही हात लावून कळत नाही. त्याला ईसीजी लागतो आणि ट्रोपोनिनची तपासणी लागते. ट्रोपोनिन हेही रक्तातलं प्रोटीनच, पण वर सांगितलेल्यांपेक्षा वेगळं. ते हृदयाच्या स्नायूच्या आत असतं आणि स्नायूला इजा झाली की काही तासांत रक्तात उतरतं. पहिली तपासणी लवकर झाली तर ती नॉर्मल येऊ शकते, म्हणून काही वेळानं परत करतात. दुसऱ्या तपासणीआधी कुणी घरी जा म्हणालं तर थांबा. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा बायकांमध्ये नुसताच विलक्षण थकवा आणि मळमळ, असं काही झालं तर सोडा शोधू नका, १०८ ला फोन करा. नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, सासूबाईंना दिसेल असा.

डॉक्टरांकडे जाताना स्वतःच्या रिपोर्टसोबत भावाच्या डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स न्या. आणि वरच्या कोपऱ्यात पेननं लिहा: ‘वडील, वय ५१, अचानक मृत्यू.’